मुखकर्करोगाची ओळख : स्थूल व सूक्ष्मदर्शी विकृतिचित्रांचा अन्वयार्थ

गोषवारा

मानवी ऊतींमधील रोगाचे निदान करताना विकृतितज्ज्ञ दोन प्रकारच्या चित्रांचा आधार घेतो. नुसत्या डोळ्यांना दिसणारे ते स्थूल चित्र व रंगविलेल्या पातळ छेदात दिसणारे ते सूक्ष्मदर्शी चित्र होय. या दोहोंचे परस्परसंबंध मुखकर्करोगाच्या उदाहरणाद्वारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. सूक्ष्मदर्शी चित्र निर्णायक असले तरी ते स्वयंपूर्ण नसते. तुकडा कोठून, किती खोल व कोणत्या स्थितीत घेतला हे ठाऊक नसेल तर निर्दोष छेदही चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : विकृतिशास्त्र, ऊती, मुखकर्करोग, बायोप्सी, छेद, आधारपटल, आक्रमणाची खोली.

प्रस्तावना

रोग शरीरात होतो हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु तो शरीरात नेमका कोठे असतो, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर मिळण्यास बराच काळ जावा लागला. ताप, वेदना, सूज ही रोगाची लक्षणे होत. त्या लक्षणांच्या मुळाशी असलेला ऊतींमधील बदल शोधणे हे विकृतिशास्त्राचे कार्य होय. हा बदल रंग, आकार, कठीणपणा व रचना यांतून प्रकट होतो. म्हणूनच विकृतिशास्त्र हे मुख्यत्वे पाहण्याचे शास्त्र आहे.

मुखकर्करोगाचे उदाहरण येथे निवडण्यास सबळ कारण आहे. भारतीय पुरुषांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत ओठ व मुखाच्या कर्करोगाचे स्थान अग्रभागी आहे. चुना लावून मळलेली तंबाखू, सुपारी, गुटखा, मावा, विदर्भातील खर्रा आणि विशेषतः स्त्रियांमध्ये रूढ असलेली मिश्री या सवयी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत व शहरांत सारख्याच रुजलेल्या आहेत. राज्य शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि सवय बंदीच्या आदेशाने लगेच सुटत नाही. दुसरे असे की, हा रोग तोंडात, म्हणजे आरशात पाहता येईल अशा जागी होतो. तरीही अनेक रुग्ण व्रण वाढल्यावर, तोंड उघडेनासे झाल्यावर किंवा मानेत गाठ आल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. जे दिसते ते ओळखले जात नाही, ही या रोगाची शोकांतिका आहे.

विकृतिशास्त्रीय दृष्टीची जडणघडण

इटलीतील पादुआ येथील जिओव्हानी बात्तिस्ता मोर्गान्यी यांनी १७६१ मध्ये रोगांची स्थाने व कारणे यांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्णाची जिवंतपणीची लक्षणे आणि शवविच्छेदनात आढळलेले अवयवांतील बदल यांची पद्धतशीर सांगड त्यांनी घातली. रोगाचे स्थान अवयवात आहे, हा विचार त्यामुळे दृढ झाला. पुढे सुमारे एका शतकाने, १८५८ मध्ये, रुडॉल्फ फिरखो यांनी बर्लिन येथील व्याख्यानांतून पेशीय विकृतिशास्त्राची मांडणी केली. रोगाचे मूळ पेशींमधील बदलांत शोधावे, असा त्या मांडणीचा आशय होता. मोर्गान्यींनी स्थूल चित्राला आणि फिरखोंनी सूक्ष्म चित्राला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली, असे म्हणता येईल.

भारतात या परंपरेचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांचे नाव आदराने घेतले जाते. १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. मुंबईतील मुखकर्करोगाच्या क्रमाने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा घेणारा त्यांचा लेख १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाचे स्थान आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध तपासण्याची दृष्टी त्यांच्या संशोधनात दिसते. तंबाखूची गोळी गालफडाच्या खालच्या खाचेत तासन्‌तास धरून ठेवणाऱ्या समाजात गालाचा आतील भाग व त्यालगतची हिरडी येथेच हा रोग मोठ्या प्रमाणावर आढळावा, हा योगायोग नव्हे.

स्थूल चित्र : डोळ्यांनी पाहणे व बोटांनी चाचपणे

निरोगी तोंडाचे आतील अस्तर ओलसर, गुलाबी व मऊ असते. या पार्श्वभूमीवर होणारे बदल तीन प्रमुख रूपांत दिसतात.

पहिला बदल पांढऱ्या चट्ट्याचा होय. खरवडून न निघणारा व अन्य कोणत्याही ज्ञात रोगात न बसणारा असा चट्टा ल्युकोप्लाकिया म्हणून ओळखला जातो. दुसरा बदल लाल, मखमलीसारख्या चट्ट्याचा, म्हणजे एरिथ्रोप्लाकियाचा होय. तो तुलनेने विरळा आढळतो व बहुधा दुखत नाही. तिसरा बदल सबम्युकस फायब्रोसिस या विकाराचा. सुपारीशी निगडित असलेल्या या विकारात अस्तर संगमरवरासारखे फिकट पडते, गालात ताठ पट्टे हाताला लागतात आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाते. जे. श्वार्ट्‌झ यांनी १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये या विकाराचे वर्णन केले. १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन करून त्याला आज रूढ असलेले नाव दिले. हे तिन्ही बदल म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र कर्करोग उद्भवण्याची शक्यता वाढविणारी ती भूमी होय.

प्रत्यक्ष कर्करोगाचा व्रण त्याच्या कडांवरून व तळावरून ओळखू येतो. कडा उचललेल्या व बाहेरच्या बाजूस वळलेल्या असतात. तळ खडबडीत असतो. बोटाने चाचपल्यास व्रणाभोवतीचा भाग कठीण लागतो. हा कठीणपणा डोळ्यांना दिसत नाही, पण निदानात त्याचे मोल मोठे आहे; कारण अस्तराखाली शिरलेल्या पेशी व त्यांच्याभोवती निर्माण झालेले तंतुमय ऊतक यांमुळे तो येतो. याउलट क्षयाच्या व्रणाच्या कडा बहुधा आतून पोखरलेल्या असतात. तोंड आल्यावर होणारा छोटा व्रण पिवळसर तळाचा, लाल कड्याचा व अतिशय दुखरा असतो आणि साधारणतः आठवडा-दोन आठवड्यांत भरून येतो. दाताच्या टोकामुळे झालेला व्रण ते टोक घासून काढल्यावर बरा होतो. म्हणूनच कारण दूर करूनही दोन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाची बायोप्सी करावी, हा नियम रूढ झाला आहे.

तुकड्यापासून काचपट्टीपर्यंत

काढलेला तुकडा थेट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. शरीरापासून विलग होताच पेशींची विघटनक्रिया सुरू होते. ती थांबविण्यासाठी तुकडा त्वरित फॉर्मॅलिनच्या दहा टक्के द्रावणात बुडविला जातो. फेर्डिनांड ब्लूम यांनी १८९३ मध्ये या द्रव्याचा ऊती टिकविण्यासाठी उपयोग दाखवून दिला व आजही तेच सर्वाधिक वापरात आहे. द्रावणाचे प्रमाण तुकड्याच्या सुमारे दहापट असावे लागते. तुकडा कोरडा राहिला किंवा नुसत्या पाण्यात ठेवला गेला तर पेशींची रचना बिघडते आणि पुढे कितीही कुशल तज्ज्ञ असला तरी गेलेले चित्र परत मिळत नाही.

त्यानंतर अल्कोहोलच्या चढत्या तीव्रतेच्या द्रावणांतून तुकड्यातील पाणी काढले जाते, झायलीनने अल्कोहोल दूर केले जाते व त्या जागी वितळलेले पॅराफिन मेण भरले जाते. मेण गोठल्यावर मायक्रोटोम यंत्राच्या पात्याने तीन ते पाच मायक्रोमीटर जाडीचे छेद कापतात. हा छेद केसाच्या जाडीच्या साधारण पंधरा-वीसाव्या हिश्शाइतका पातळ असतो. पाच मिलिमीटर जाडीच्या तुकड्यातून असे हजाराहून अधिक छेद तत्त्वतः निघू शकतात; प्रत्यक्षात त्यांतील मोजकेच पाहिले जातात. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

छेद स्वभावतः जवळजवळ रंगहीन असतो. त्याला हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या दोन रंगांची जोड दिली जाते. हिमॅटॉक्सिलिन हे मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या गाभ्यातून मिळणारे द्रव्य आहे. कापड रंगविताना रंग पक्का बसावा म्हणून जशी तुरटी वापरतात, तशीच ती येथेही वापरली जाते. या रंगाने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिनने पेशीद्रव्य व कोलॅजेन तंतू गुलाबी होतात. म्हणजेच काचपट्टीवर दिसणारे रंग हे रोगाचे रंग नसून रासायनिक प्रक्रियेने दिलेले रंग आहेत. रोग रंगात नसतो. रंगामुळे दृश्य झालेल्या रचनेत असतो.

सूक्ष्मदर्शी चित्र : शिस्त, शिस्तभंग व सीमोल्लंघन

गालाच्या आतील अस्तरात पेशींचे अनेक थर एकावर एक रचलेले असतात. त्यास स्तरित पट्टकी अभिस्तर असे म्हणतात. तळाच्या थरातील पेशी लहान, जवळजवळ उभ्या व गडद केंद्रकाच्या असतात आणि नवीन पेशींची निर्मिती प्रामुख्याने तेथेच होते. वर सरकताना पेशी मोठ्या व चपट्या होत जातात. या सर्व थरांखाली आधारपटल नावाचा अतिशय पातळ पडदा असतो. त्याच्या खाली रक्तवाहिन्या, लसवाहिन्या, चेतातंतू व कोलॅजेन यांनी युक्त संयोजी ऊतक असते.

कर्करोगपूर्व बदलांत सर्वप्रथम ही शिस्त मोडते. केंद्रके आकाराने असमान, मोठी व गडद होतात. पेशीद्रव्याच्या तुलनेत केंद्रकाचा वाटा वाढतो. तळाच्या थरापुरते मर्यादित असलेले पेशीविभाजन वरच्या थरांतही दिसू लागते. या अवस्थेस डिसप्लाझिया म्हणतात आणि अभिस्तराचा किती भाग व्यापला आहे व बदल किती ठळक आहेत यांवरून तिची सौम्य, मध्यम व तीव्र अशी प्रतवारी केली जाते. मात्र आधारपटल अद्याप अभंग असते. अभिस्तरात रक्तवाहिन्या व लसवाहिन्या नसल्यामुळे या अवस्थेतील पेशींना अन्यत्र पसरण्याचा मार्ग उपलब्ध नसतो.

आधारपटल ओलांडून पेशी खालच्या ऊतकात शिरल्या की आक्रमक कर्करोग सिद्ध होतो. त्या बेटांच्या, दोऱ्यांच्या किंवा सुट्या पेशींच्या रूपात दिसतात. काही बेटांच्या मध्यभागी गुलाबी केराटिनची वर्तुळे तयार होतात. त्यांना केराटिनचे मोती म्हणतात. केराटिन ही पट्टकी पेशीची स्वाभाविक निर्मिती होय. ते पृष्ठभागावर तयार होणे हा त्या पेशीचा धर्म. तेच खोलवर, स्नायूंच्या लगत तयार होणे ही विकृती. अशा रीतीने सूक्ष्मदर्शी निदानात ‘काय दिसते’ याइतकेच ‘कोठे दिसते’ यालाही महत्त्व असते.

दोन चित्रांतील विसंगती

स्थूल व सूक्ष्म ही दोन्ही चित्रे जुळली तर निदान सुलभ होते. ती परस्परांशी विसंगत असतात तेव्हा विकृतितज्ज्ञाची खरी कसोटी लागते. याची काही उदाहरणे पाहणे उद्बोधक ठरेल.

व्हेरुकस कार्सिनोमा हा मुखकर्करोगाचा एक प्रकार असून लॉरेन अकरमन यांनी १९४८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. स्थूलदृष्ट्या तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, पांढरट व मोठा दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्याच्या पेशी जवळजवळ निरोगी भासतात. केंद्रकांत फारसा फरक नसतो. त्याची विकृती पेशींच्या रूपात नसून, अभिस्तराच्या रुंद व बोथट कडा खालच्या ऊतकाला रेटत जातात, त्या रचनेत असते. वरवरचा लहानसा तुकडा घेतला तर त्यात हा तळ येतच नाही व ‘कर्करोग आढळला नाही’ असा अहवाल निघतो. येथे काचपट्टी खोटे बोलत नाही. तिच्याकडे सत्याचा केवळ वरचा थर पोहोचलेला असतो. समोर भलीमोठी गाठ असताना असा अहवाल आला, तर तो रुग्णाला घरी पाठविण्यासाठी नसून अधिक खोल तुकडा घेण्यासाठी आहे, असे समजले पाहिजे.

लाल चट्ट्याच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. सपाट, न दुखणारा, नखाएवढा चट्टा रुग्णाला क्षुल्लक वाटतो. त्याच्या छेदात मात्र तीव्र डिसप्लाझिया किंवा आक्रमक कर्करोग सापडण्याचे प्रमाण फार मोठे असते. स्थूल चित्र जेथे शांत असते तेथे सूक्ष्म चित्र धोक्याची सूचना देते.

तिसरे उदाहरण जिभेवरील ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या सौम्य गाठीचे. तिच्यावरील अभिस्तर अनेकदा खालच्या दिशेने बोटांसारखा वाढतो व छेदात ती बोटे आक्रमक कर्करोगाच्या बेटांसारखी दिसतात. खालच्या दाणेदार पेशींकडे लक्ष गेले नाही तर सौम्य गाठीसाठी जिभेचा मोठा भाग गमावण्याची वेळ रुग्णावर येऊ शकते. तिरप्या कापलेल्या छेदातही असाच भास होतो. अभिस्तराचे खाली उतरलेले निरोगी फाटे आडवे कापले गेले की ते सुट्या बेटांसारखे भासतात.

यावरून असे दिसून येते की, चूक दोन्ही दिशांनी संभवते. असलेला कर्करोग निसटू शकतो आणि नसलेला कर्करोग दिसू शकतो. पहिल्या चुकीत रुग्णाचा काळ जातो, दुसऱ्या चुकीत अवयव जातो. या दोहोंपासून बचाव करण्याचा सर्वात साधा उपाय म्हणजे तुकड्यासोबत पाठविलेला माहितीचा कागद. रुग्णाचे वय, सवयी, व्रणाची जागा, आकार, कालावधी, तुकडा कडेचा की मधला, या नोंदी म्हणजे स्थूल चित्राचे शब्दरूप होय. तो कागद कोरा असेल तर विकृतितज्ज्ञ एका डोळ्याने पाहत असतो. व्रणाच्या मध्यभागातील मृत ऊतकापेक्षा कडेचा, निरोगी भागास लागून असलेला व पुरेसा खोल तुकडा घ्यावा, असा आग्रह याच कारणासाठी धरला जातो.

शस्त्रक्रियेनंतरचा नमुना : मिलिमीटरचे मोल

शस्त्रक्रियेत काढलेल्या नमुन्याची स्थूल तपासणी हा या प्रक्रियेतील पुढील टप्पा होय. नमुन्याची वर-खाली, पुढची-मागची बाजू निश्चित करून त्याच्या कापलेल्या कडांना शाई लावतात. नंतर तो समांतर कापून गाठीचा आकार व कडांपासूनचे तिचे अंतर मोजले जाते. कापलेल्या पृष्ठभागावर कर्करोगाचा भाग राखाडी-पांढरा व घट्ट दिसतो. शाई सूक्ष्मदर्शकाखालीही दिसते. त्यामुळे कर्करोगाच्या पेशी कडेपासून किती दूर आहेत हे मोजता येते. सामान्यतः पाच मिलिमीटर वा अधिक अंतर असल्यास कड मोकळी मानली जाते.

याहून महत्त्वाचे मोजमाप आक्रमणाच्या खोलीचे. लगतच्या निरोगी अस्तराच्या आधारपटलाची पातळी ही आधाररेषा मानून तेथून सर्वांत खोल गेलेल्या पेशीपर्यंत ओळंबा सोडल्याप्रमाणे हे अंतर मोजतात. गाठीची जाडी व आक्रमणाची खोली या भिन्न गोष्टी आहेत. बाहेर वाढलेली गाठ जाड असूनही उथळ असू शकते, तर व्रणाने खचलेली गाठ पातळ असूनही खोल असू शकते. कर्करोगाच्या टप्प्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीत, जी २०१८ पासून लागू झाली, या खोलीचा समावेश करण्यात आला. त्यानुसार दोन सेंटीमीटरपर्यंतची गाठ पाच मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर ती पहिल्या श्रेणीत आणि पाचहून अधिक परंतु दहापर्यंत खोल असेल तर दुसऱ्या श्रेणीत मोडते. बाहेरून दोन्ही गाठी सारख्याच दिसू शकतात.

या मोजमापामागील व्यावहारिक अर्थ मुंबईतील एका संशोधनाने अधोरेखित केला. प्रारंभिक अवस्थेतील मुखकर्करोगात मानेतील लसग्रंथी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात की त्यांत रोग प्रकट झाल्यावर काढाव्यात, या जुन्या वादावर टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ८०.० टक्के, तर प्रतीक्षा केलेल्या गटात ६७.५ टक्के आढळले. मानेत गाठ हाताला लागत नसतानाही तेथे रोग पोहोचलेला असू शकतो आणि गाठ जितकी खोल तितकी ही शक्यता अधिक असते. काचपट्टीवरील काही मिलिमीटर रुग्णाच्या आयुष्याशी कसे जोडलेले असतात, याचा हा बोलका पुरावा होय.

अंकीय प्रतिमा व नवी साधने

अलीकडे संपूर्ण काचपट्टीचे उच्च क्षमतेचे अंकीय चित्र तयार करून ते संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे तंत्र प्रसृत झाले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने प्राथमिक निदानासाठी अशा पहिल्या प्रणालीला २०१७ मध्ये मान्यता दिली. दूरच्या जिल्ह्यातील छेद मोठ्या शहरातील तज्ज्ञाने काही मिनिटांत पाहणे यामुळे शक्य होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पेशीविभाजने मोजणे, संशयास्पद भाग दर्शविणे अशी कामेही होऊ लागली आहेत. तथापि, संगणकापुढे जी प्रतिमा येते ती त्याच मेणाच्या ठोकळ्यातून, त्याच निवडलेल्या छेदातून आलेली असते. वरवर घेतलेल्या तुकड्याची प्रतिमा कितीही स्पष्ट असली तरी न घेतलेला तळ ती दाखवू शकत नाही. साधन सुधारले म्हणून नमुना आपोआप सुधारत नाही.

समारोप

मुखकर्करोगाच्या विवेचनातून विकृतिचित्रांविषयीचे एक सर्वसाधारण तत्त्व हाती लागते. स्थूल चित्र रोगाचे स्थान, विस्तार व वर्तन सांगते. सूक्ष्मदर्शी चित्र त्याचे स्वरूप सांगते. पहिले संशय निर्माण करते, दुसरे त्याचा निर्णय करते आणि दोहोंत विरोध आढळल्यास निर्णय थांबवून पुन्हा तपासणी करणे हेच शास्त्रशुद्ध होय.

सामान्य वाचकाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. तुकडा काढल्याने तोंडातील कर्करोग पसरतो, या समजुतीने अनेक जण बायोप्सी टाळतात. प्रत्यक्षात रोग पसरतो तो टाळाटाळीत गेलेल्या काळात. दुसरी गोष्ट अशी की, ‘या नमुन्यात कर्करोग आढळला नाही’ या वाक्यातील ‘या नमुन्यात’ हे शब्द सर्वाधिक महत्त्वाचे आहेत. व्रण कायम असेल, तो वाढत असेल, तर असा अहवाल कपाटात ठेवून न देता डॉक्टरांपुढे पुन्हा ठेवावा व आवश्यक तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दाखविण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नसते. स्वच्छ उजेड, एक आरसा व वेळीच उचललेले पाऊल एवढे पुरेसे असते. विकृतितज्ज्ञाचे काम त्यानंतर सुरू होते.